‘तोंड आलंय’ एवढ्यावर थांबू नका

एका वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ४१. सहा वर्षांपूर्वी एचआयव्ही असल्याचं कळलं. टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधं एकत्र असलेली एक गोळी रोज रात्री घेतात. आठ महिन्यांपूर्वीच्या तपासणीत व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं व्हायरसचं प्रमाण, सापडला नव्हता; सीडी फोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, ६०० च्या वर होता. साडेचार महिन्यांपूर्वी सिगारेट सोडली. त्यानंतर दर तीन-चार आठवड्यांनी तोंड येतं. गालाच्या आत आणि ओठामागे दोन-तीन फोड येतात, दहा-बारा दिवसांत बरे होतात, पुन्हा येतात. शाळेत असतानाही, विशेषतः परीक्षेच्या दिवसांत, असंच व्हायचं. मधली वीस वर्षं काही नाही. औषधाच्या दुकानातून बी-कॉम्प्लेक्स आणि झिंकची कॅप्सूल आणली, ती गोळीसोबतच घेतात. दुकानदारानं एक मलमही दिलंय; त्यात काय आहे ते माहीत नाही. दातांच्या डॉक्टरांना दाखवलं, पण एचआयव्हीचं बोलले नाहीत. गोळी उष्ण पडत असावी म्हणून गेल्या महिन्यात पाच दिवस ती घेतलीच नाही. पत्नीला सगळं ठाऊक आहे. स्वतःचा पेला वेगळा केलाय, आणि पाच वर्षांच्या मुलीचा पापा घेणं बंद केलंय. ते विचारतात, ‘औषध निकामी झालं का? प्रतिकारशक्ती संपत चाललीय का? दुसऱ्या गोळ्या मागू का?’

नमस्कार.

तुमच्या मूळ पत्रात फोडांबद्दल चार ओळी आहेत आणि व्हायरसबद्दल दोन पानं. साहजिक आहे. एचआयव्हीसोबत जगणाऱ्या माणसाला साधा खोकला आला तरी मन आधी तिकडेच धावतं. पण मला विचाराल, तर या पत्रातली काळजी करण्याजोगी गोष्ट फोड नाहीत. त्या फोडांपायी तुम्ही केलेल्या दोन गोष्टी आहेत: बंद ठेवलेले पाच दिवस आणि ती झिंकची कॅप्सूल. त्यांच्याकडे येतोच. आधी फोडांचं बघू.

तुम्ही धरून चाललायत की तोंड हा व्हायरल लोडचा मीटर आहे. फोड आले म्हणजे काटा वर सरकला. तसं नाही. वारंवार तोंड येणं हा जगातल्या अगदी सर्वसाधारण तक्रारींपैकी एक प्रकार आहे, साधारण पाचांतल्या एका माणसाला तो आयुष्यात कधी ना कधी होतो, आणि त्यातल्या बहुतेकांना एचआयव्ही नसतो. सीडी फोर खूप खाली, विशेषतः १०० च्या आत गेला, की हेच फोड वेगळं रूप घेतात हे खरं: एक सेंटिमीटरहून मोठे, खोल, आठवडेच्या आठवडे न भरणारे, भरले तरी वण ठेवून जाणारे. तुम्ही वर्णन केलेले फोड तसे नाहीत. पाच-सहा मिलिमीटरचे, दहा-बारा दिवसांत स्वतःहून भरणारे, गालाच्या आणि ओठाच्या मऊ त्वचेवर. वर्णन बरोबर असेल, तर हे साधे ॲफ्थस अल्सर दिसतात, आणि तुमच्या शरीराला ते भरून काढता येतायत.

‘वर्णन बरोबर असेल तर’ असं मुद्दाम म्हणतोय. मराठीत ‘तोंड आलंय’ या दोन शब्दांत आपण सगळं कोंबतो. फोड आले तरी तोंड आलं, जीभ सोलवटली तरी तोंड आलं, पांढरा थर साचला तरी, ओठाच्या कोपऱ्यात चिरा पडल्या तरी. घरात बोलायला हे शब्द पुरतात. डॉक्टरांपुढे बसल्यावर पुरत नाहीत, आणि एचआयव्ही असलेल्यानं तर एवढ्यावर थांबूच नये, कारण या प्रत्येकाचं औषध वेगळं आहे, आणि एकाचं औषध दुसऱ्याला त्रासाचं ठरू शकतं.

आरशासमोर टॉर्च घेऊन उभे राहा. मऊ जागी, म्हणजे गालाच्या आत, ओठामागे, जिभेखाली, मध्ये पिवळट-पांढरा तळ आणि भोवती लाल कडा असलेला गोल फोड दिसला, तर तो बहुधा ॲफ्थस. हर्पीस आधी बारीक पाणीदार पुटकुळ्यांच्या घोसासारखा येतो आणि त्याला टणक जागा आवडते: हिरड्या, टाळूचा पुढचा कडक भाग, ओठाची बाहेरची कड. मात्र प्रतिकारशक्ती खूप खालावली असेल तर तोही हे नियम पाळत नाही, कुठेही येतो आणि महिनाभर हटत नाही. बुरशी म्हणजे कॅन्डिडा. ती फाटलेल्या दुधासारखी पांढरी साचते, पुसली तर निघते आणि खाली लाल दिसतं. जिभेच्या कडेला पांढऱ्या उभ्या रेघांसारखं काही आहे, पुसून निघत नाही आणि दुखतही नाही, तर ते आणखी निराळं. त्याला हेअरी ल्युकोप्लाकिया म्हणतात, त्यामागे एप्स्टाइन-बार नावाचा व्हायरस असतो. हर्पीसला ॲसायक्लोविरसारखं औषध लागतं, बुरशीला फ्लुकोनॅझोलसारखं, आणि ॲफ्थसवर या दोन्हींचा उपयोग शून्य. अँटिबायोटिकचाही सहसा नाही. तरी लोक ती मागून घेतात, आणि मिळतातही.

आणखी एक प्रकार लक्षात असू द्या. न दुखणारा एकच व्रण सिफिलिसचाही असू शकतो. डॉक्टरांनी त्याची रक्ततपासणी सुचवली किंवा लैंगिक संबंधांबद्दल विचारलं, तर अपमान वाटून घेऊ नका. तो प्रश्न विचारणारा डॉक्टर नीट काम करतोय.

आता तुमच्या पत्रातली मला सर्वांत बोलकी वाटलेली ओळ. शाळेत तोंड यायचं, मग वीस वर्षं थांबलं, सिगारेट सोडल्यावर परत आलं. तुम्ही ती ओळ जाता जाता लिहिलीय, पण कोडं बहुधा तिथेच सुटतं. धुरामुळे तोंडाच्या आतली त्वचा जाड आणि राठ होते, आणि राठ त्वचेवर हे फोड कमी येतात. सिगारेट सुटली की ते कवच उतरतं आणि मुळात ज्याची प्रवृत्ती आहे त्याला पुन्हा फोड येऊ लागतात. सिगारेट सोडणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना पहिल्या काही आठवड्यांत हा त्रास होतो. बहुतेकांचा ओसरतो, तुमच्यासारख्या जुन्या गिऱ्हाईकाचा थोडा रेंगाळतो. ‘मग एखादी ओढू का?’ असा विचार मनात डोकावला असेल तर तो तिथेच सोडा. एचआयव्ही असलेल्याच्या हृदयाचं आणि फुप्फुसांचं सिगारेट जितकं नुकसान करते, तितकं हे फोड जन्मात करणार नाहीत. साडेचार महिने काढलेत. हे सोपं काम नाही, आणि याबद्दल तुम्हाला कुणी शाबासकी दिलेली दिसत नाही, म्हणून मी देतो.

सिगारेट ओढलेल्या माणसाला एक नियम मात्र पक्का लागू. कुठलाही फोड दोन आठवड्यांत भरला नाही तर दाखवायचा. तीन आठवडे झाले तर बायोप्सीबद्दल विचारायचं, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासणं. जिभेच्या कडेला किंवा जिभेखाली, टणक काठाचा, फारसा न दुखणारा व्रण असेल तर तीन आठवड्यांचीही वाट नको. दुखत नाही म्हणून लोक निर्धास्त राहतात. तोंडाच्या कॅन्सरमध्ये तीच चूक महागात पडते. तेव्हा फोड आला की त्याची पहिली तारीख कॅलेंडरवर किंवा फोनमध्ये टाका, आणि एक फोटो काढा. नाहीतर ‘कधीपासून आहे?’ या प्रश्नाचं उत्तर बरेच दिवस झाले, असं येतं, आणि त्यावर कुणालाच काही ठरवता येत नाही.

आता त्या दोन गोष्टी.

पाच दिवस गोळी बंद ठेवलीत. तुमच्या गोळीतल्या औषधांमुळे असे येणारे-जाणारे फोड होण्याची शक्यता फार कमी. सहा वर्षं तीच गोळी घेताय आणि त्रास साडेचार महिन्यांचा आहे. संशयित शोधायचा तर सहा वर्षं घरात राहणाऱ्याला सोडून नवीन काय घडलं ते बघायला हवं. औषध मध्येच सोडणं म्हणजे व्हायरसला मोकळं रान देणं, आणि तो परत येताना औषधाला न जुमानणारं रूप घेऊन येऊ शकतो. सीडी फोर चांगला असताना उपचारात विश्रांती घेतली तर चालेल का, हे एकदा मोठ्या प्रमाणावर तपासून झालंय. ‘स्मार्ट’ नावाच्या त्या अभ्यासात साडेपाच हजारांच्या आसपास माणसं होती, आणि २००६ साली आलेला निष्कर्ष असा की विश्रांती घेणाऱ्या गटात गंभीर आजार आणि मृत्यू दुपटीहून जास्त झाले. ती विश्रांती महिनोन्‌महिन्यांची होती, तुमची पाच दिवसांची. घाबरवायला सांगत नाहीये. पण त्या रस्त्यावर दुसरं पाऊल टाकू नका. तुमच्या गोळीतली टेनोफोविर आणि लॅमिव्ह्युडिन ही दोन औषधं हेपटायटिस बीलाही दाबून ठेवतात. ज्यांना तो आहे त्यांचं यकृत गोळी थांबवल्यावर अचानक भडकू शकतं.

तुमच्या एचआयव्हीच्या डॉक्टरांना हे पाच दिवस सांगा. आठ महिने होऊन गेलेत, व्हायरल लोड तपासायला हवाच. लगेच करायचा की गोळी चार-आठ आठवडे नियमित झाल्यावर, ते त्यांना ठरवू द्या. तो आकडा तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर देईल. फोड ते देऊ शकत नाहीत. आणि गोळ्या बदलून मागू का, याचं उत्तर तपासणी येईपर्यंत ‘नको’ असं आहे. चालणारं औषध निव्वळ शंकेपायी बदलणं म्हणजे हातातला एक पर्याय उगाच खर्च करणं.

आणि ती कॅप्सूल. तोंड आलं की बी-कॉम्प्लेक्स घ्यायचं हे सगळ्यांना पाठ असतं, आणि हल्ली त्या कॅप्सुलांमध्ये झिंक सर्रास असतं. डोल्युटेग्राविर पोटात झिंक, लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम यांना चिकटतं आणि रक्तात जायचं ते तिथेच अडकून राहतं. म्हणजे गोळी गिळली खरी, पण पूर्ण पोचली नाही. तुम्ही औषध निकामी झाल्याची भीती घालवायला जे घेत होतात, तेच औषधाची ताकद कमी करत होतं! उपाय सोपा आहे. एचआयव्हीची गोळी आधी घ्या आणि कॅप्सूल त्यानंतर दोन तासांनी. किंवा कॅप्सूल आधी झाली असेल तर गोळी सहा तासांनी. ॲसिडिटीच्या पांढऱ्या सिरपलाही हेच लागू आहे, कारण त्यात मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम असतं. ते फोडांवर लावून गिळणारेही पुष्कळ आहेत.

त्याहून बरं म्हणजे कॅप्सूल अंदाजानं घेऊच नका. रक्त तपासा: हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशी, लोहाचा साठा म्हणजे फेरिटिन, बी-१२, फोलेट. यातलं काही कमी असेल तर फोड वारंवार येतात आणि ते भरून काढल्यावर कमी होतात. बी-१२ची तर गंमतच आहे. २००९ साली आलेल्या एका छोट्या चाचणीत रोज १००० मायक्रोग्रॅम बी-१२ सहा महिने दिलं, तर रक्तातली पातळी मुळात ठीक असलेल्यांचेही फोड बऱ्याच अंशी थांबले. चाचणी छोटी होती, पण औषध निरुपद्रवी आहे. विचारून बघायला हरकत नाही. फक्त लेबल वाचून नुसतं बी-१२ घ्या. पांढऱ्या पेशींचं महत्त्व दुसऱ्या वाचकांसाठी जास्त: झिडोव्ह्युडिन किंवा को-ट्रायमोक्सॅझोल घेणाऱ्यांमध्ये त्या कमी होऊ शकतात, आणि तेव्हा तोंडात फोड येतात.

दातांच्या डॉक्टरांना न सांगण्यामागची भीती मला कळते, तिला हसणार नाही. काही जण तोंड वाकडं करतात, काही कारण काढून दुसरीकडे पाठवतात. पण हातमोजे, निर्जंतुक हत्यारं ही काळजी प्रत्येक पेशंटसाठी सारखीच घ्यायची असते. ती न घेणाऱ्याकडे एचआयव्ही नसलेल्यानंही जाऊ नये. आणि न सांगण्याचा तोटा प्रत्यक्ष आहे. हट्टी फोडांवर स्टेरॉइडचं मलम किंवा स्टेरॉइडच्या गुळण्या देतात, त्या चांगल्या लागू पडतात. तुमच्या दुकानदारानं दिलेलं मलम बहुधा तेच असेल. ट्यूबवर ट्रायमसिनोलोन लिहिलंय का बघा. हर्पीस असताना ते लावलं तर हर्पीस फोफावतो, आणि फार दिवस लावलं तर बुरशी येते. तुमच्या गोळीशी त्याचं भांडण नाही. पण ज्यांच्या औषधांत रिटोनाविर किंवा कोबिसिस्टॅट आहे, त्यांच्या शरीरात काही स्टेरॉइडं बाहेरच पडत नाहीत, साचत जातात. दम्याचे पंप, नाकातले स्प्रे, सांध्यातली इंजेक्शनं यांतूनसुद्धा चेहरा सुजण्यापर्यंत आणि शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बंद पडण्यापर्यंत गोष्टी गेलेल्या आहेत. वारंवार येणाऱ्या फोडांवर कधीकधी कोल्चिसिन देतात. रिटोनाविरसोबत ते जिवावर बेतू शकतं, मूत्रपिंड किंवा यकृत अधू असेल तर फारच. ज्याला तुमच्या गोळ्या माहीत नाहीत, त्यानं लिहिलेली चिठ्ठी अर्धवट माहितीवर लिहिलेली असते.

सगळी कहाणी सांगायला हवी असं नाही. ‘मी एचआयव्हीची ही औषधं घेतो, व्हायरल लोड सापडत नाही’ एवढं एक वाक्य आणि गोळीच्या डबीचा फोटो पुरतो. अवघड वाटत असेल तर तुमच्या एचआयव्हीच्या डॉक्टरांनाच विचारा की दातांसाठी कुणाकडे पाठवता. त्यांना विश्वासाची माणसं ठाऊक असतात.

रोजच्या दुखण्याचं म्हणाल, तर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकून दिवसातून तीन-चारदा चूळ भरा. मऊ ब्रश वापरा आणि फेस न करणारी टूथपेस्ट महिनाभर वापरून बघा. फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट काहींच्या तोंडाला सोसत नाही. एखादा दात किंवा कवळी आत टोचत असेल तर ती कड दातांच्या डॉक्टरांकडून गुळगुळीत करून घ्या, वर्षानुवर्षं एकाच जागी फोड येणाऱ्यांचं कारण कित्येकदा तेवढंच असतं. जेवणाआधी दहा मिनिटं लिग्नोकेनची जेल लावली की जेवता येतं, पण बधिर जीभ चावली जाते आणि भाजल्याचं कळत नाही, तेव्हा गरम काही नको. तिखट, आंबट, टोकदार ते थोडे दिवस बाजूला. क्लोरहेक्सिडीनची चूळ चालेल, फक्त ब्रश केल्यावर अर्ध्या तासानं, आणि दोन आठवड्यांहून जास्त नको, दात डागाळतात. मलम लावायचं ठरलं तर फोड स्वच्छ कपड्यानं टिपून कोरडा करा, झोपताना हलकेच ठेवा, चोळू नका. ॲस्पिरिनची गोळी फोडावर ठेवणारे अजून भेटतात. तिनं त्वचा भाजते आणि फोडाचा मोठा फोड होतो. गिळताना दुखतं म्हणून एचआयव्हीची गोळी कुटून घ्यायची वेळ आली तर आधी विचारा. काही गोळ्या कुटलेल्या चालतात. लोपिनाविर-रिटोनाविरची कुटली तर औषध नीट पोचतच नाही.

थांबू नये अशा वेळा: फोडांसोबत ताप आणि अंगावर पुरळ, डोळे लाल, त्वचा सोलवटतेय, आणि नुकतंच नेव्हिरापिन, अबाकाविर किंवा को-ट्रायमोक्सॅझोल सुरू झालंय, तर त्याच दिवशी हॉस्पिटल. अबाकाविर अशा कारणानं बंद झालं तर ते पुन्हा कधीच घ्यायचं नसतं. गिळताना छातीत दुखत असेल, पाणीही उतरत नसेल, वजन घटत असेल, तरी लगेच दाखवा. त्रास अन्ननलिकेपर्यंत गेलेला असू शकतो. आणि ज्यांचा सीडी फोर खरोखर खाली आहे त्यांनी हताश होऊ नये. त्यांच्या मोठ्या हट्टी फोडांवरही उपाय आहेत, थॅलिडोमाइडपर्यंत. १९९७ च्या चाचणीत त्यानं चार आठवड्यांत निम्म्याहून अधिक जणांचे फोड भरले. पण गर्भाला ते भयंकर घातक आहे, हातापायांच्या नसांना इजा करू शकतं, त्यामुळे ते तज्ज्ञांच्याच हातात राहावं. बहुतेकांना तिथवर जावं लागत नाही. नियमित गोळ्यांनी सीडी फोर वर आला की हे फोडही आवरतात.

राहिला पेला. तो परत सगळ्यांच्या पेल्यांत ठेवा. एचआयव्ही लाळेतून, पेल्यातून, गालाच्या पाप्यातून पसरत नाही, तोंडात फोड असतानाही नाही. व्हायरल लोड सापडत नसेल तर शरीरसंबंधांतूनही तो जोडीदाराला जात नाही. ‘पार्टनर’ नावाच्या दोन अभ्यासांत कंडोमशिवायच्या हजारो संबंधांनंतर अशी एकही लागण दिसली नाही. पाच दिवसांच्या खंडामुळे पुढचा रिपोर्ट येईपर्यंत पत्नीबरोबर कंडोम वापरा, एवढंच. ॲफ्थसचे फोड तर कुणाचे कुणाला लागतच नाहीत. लाळेतून खरोखर पसरतो तो हर्पीस. ओठावर पाणीदार पुटकुळ्या असतील तेवढे दिवस पापा टाळा, आणि हा नियम एचआयव्ही नसलेल्या आई-बापांनाही तितकाच लागू.

मुलगी विचारेल, मध्ये बाबा लांब का राहत होते. तिला सांगा, ‘तोंड आलं होतं.’ पाच वर्षांच्या मुलीला तेवढे दोन-तीन शब्द पुरतात.